विश्लेषण : कोरोनानंतर फुफ्फुसात राहिलेले व्रण कायमचे असतात का? स्टेरॉइड, गोळ्या आणि व्यायाम यांपैकी नेमका उपयोग कशाचा?

डिजिटल डेस्क, कोल्हापूर

‘एचआरसीटीचा स्कोअर सतरा होता. डिस्चार्ज कार्डवर फायब्रोसिस लिहिले आहे. गोळी अजून चालू ठेवायची का?’ कोरोनाची दुसरी लाट ओसरून चार वर्षे उलटली, तरी हा प्रश्न संपलेला नाही. कपाटात जपून ठेवलेली ती फाइल, त्यातली सीटी स्कॅनची काळी फिल्म आणि जिना चढताना लागणारी धाप यांची सांगड घालून अनेकांनी स्वतःपुरता निष्कर्ष काढलेला असतो : फुफ्फुस गेले ते गेलेच.

कोल्हापूरला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. जून-जुलै २०२१ मध्ये राज्याच्या बऱ्याच भागांत लाट ओसरली होती, तेव्हाही कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यातील रुग्णसंख्या कमी होत नव्हती. ऑक्सिजनवर राहून घरी परतलेल्यांची संख्या इथे मोठी होती. त्यातच जुलैच्या अखेरीस महापूर आला आणि आजारानंतरची फेरतपासणी अनेकांची राहूनच गेली.

मग विषाणूने फुफ्फुसाला केलेली इजा खरोखर कायमची असते का? ती बरी करणारे औषध आहे का? आणि आज, इतक्या वर्षांनी, कोणी काय करायला हवे?

फुफ्फुसात व्रण तयार होतो म्हणजे नेमके काय?

आपल्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे ३० कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे दोन खोल्यांच्या घराहूनही जास्त. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

कोरोना, स्वाइन फ्लू किंवा २००३ मधील सार्ससारखा विषाणू खोलवर पोहोचला की या पडद्याच्या पेशी मरतात. वायुकोशांत पाणी, मृत पेशी आणि प्रथिनांचा चिकट थर साचतो. मग शरीर दुरुस्तीला लागते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखमेच्या जागी कोलॅजन विणतात. गुडघा फुटल्यावर त्वचेवर जो वण उमटतो तोही याच कोलॅजनचा. दुरुस्ती वेळेत थांबली तर वायुकोश पुन्हा उघडतात. ती थांबली नाही तर पातळ पडद्याच्या जागी जाड, ताठर ऊती तयार होते. यालाच पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात.

सायकलच्या ट्यूबला पंक्चरचा तुकडा चिकटवला की ट्यूब फुगते, पण तेवढा भाग ताणला जात नाही. एक-दोन तुकडे असतील तर फरक कळत नाही. ट्यूबभर तुकडे असतील तर पंप मारणाऱ्याचा दम निघतो. फुफ्फुसाचे तसेच आहे. ते ताठर झाले की एकेक श्वास ओढायला जास्त ताकद लागते, शिवाय जाड पडद्यातून ऑक्सिजन कमी जातो. त्यामुळे बसून असताना काही जाणवत नाही, पण चढावर धाप लागते.

सीटीवर दिसणारा प्रत्येक डाग म्हणजे फायब्रोसिस का?

नाही. सर्वाधिक गोंधळ इथेच झाला आहे.

महापुराचे पाणी ओसरल्यावर घरात दोन गोष्टी उरतात : गाळ आणि पडझड. गाळ कितीही असला तरी काढता येतो, वेळ लागतो एवढेच. पडलेली भिंत मात्र धुऊन उभी राहत नाही. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी दारातून पाहिले तर सगळीकडे गाळच दिसतो. त्याखाली भिंत शाबूत आहे की नाही, हे गाळ निघाल्यावरच कळते.

विषाणूजन्य न्यूमोनियानंतरच्या फुफ्फुसातही हेच दोन प्रकार असतात. पहिला प्रकार म्हणजे शिल्लक राहिलेली सूज आणि अर्धवट साफ झालेला कचरा. सीटीवर तो धुरकट काचेसारखा किंवा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. त्यातल्या एका स्वरूपाला डॉक्टर ‘ऑर्गनायझिंग न्यूमोनिया’ म्हणतात. हा भाग आपोआप किंवा औषधाने निवळू शकतो. दुसरा प्रकार म्हणजे खरा व्रण. त्यात आजूबाजूच्या ताठर ऊतीने श्वासनलिका ओढल्या जाऊन रुंद झालेल्या दिसतात. आजार पुढे गेला तर फुफ्फुसाचा भाग मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा होतो. हा भाग पूर्ववत होत नाही.

आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काढलेल्या सीटीवर हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच त्या वेळच्या अहवालात किंवा डिस्चार्ज कार्डवर ‘फायब्रोसिस’ किंवा ‘फायब्रोटिक बदल’ असे लिहिले असेल, तर तो त्या दिवसापुरता अंदाज होता, अंतिम निदान नव्हे.

मग त्या २५ पैकीच्या स्कोअरचा अर्थ काय?

दुसऱ्या लाटेत हा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा घरोघरी पाठ झाला होता. फुफ्फुसांचे पाच भाग आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण, असे एकूण २५. संसर्ग ऐन भरात असताना फुफ्फुसाचा किती भाग व्यापला गेला आहे, एवढेच तो सांगतो. व्रण किती झाला, हे मोजण्यासाठी तो कधीच नव्हता. पंचवीसपैकी १८ स्कोअर असलेल्या माणसाचे फुफ्फुस वर्षभरात जवळजवळ स्वच्छ झालेले असू शकते. स्कोअर जास्त असेल तर नंतर बदल शिल्लक राहण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण ‘स्कोअर १८ म्हणजे ७२ टक्के फुफ्फुस निकामी’ हे गणित चूक आहे.

किती जणांची फुफ्फुसे सुधारतात?

याचे सर्वात लांबचे उत्तर बीजिंगमधून आले आहे. तेथे २००३ मध्ये रुग्णसेवा करताना सार्स झालेल्या ७१ आरोग्य कर्मचाऱ्यांची २०१८ पर्यंत, म्हणजे १५ वर्षे तपासणी करण्यात आली. २००३ मध्ये त्यांच्या फुफ्फुसाचा सरासरी ९.४ टक्के भाग सीटीवर बाधित दिसत होता. वर्षभरात तो ३.२ टक्क्यांवर आला. २०१८ मध्ये तो ४.६ टक्के होता. म्हणजे भरून यायचे ते बहुतांश पहिल्या वर्षात आले. उरले ते पुढे जवळपास तसेच राहिले, पण झपाट्याने पसरलेही नाही.

कोरोनाबाबतही चित्र साधारण असेच आहे. वुहानमध्ये गंभीर न्यूमोनिया झालेल्या, पण व्हेंटिलेटर न लागलेल्या ८३ रुग्णांची दर तीन महिन्यांनी तपासणी झाली. प्रत्येक वेळी सुधारणा दिसत गेली. वर्षाच्या शेवटी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या सीटीत बदल शिल्लक होते आणि एक तृतीयांश रुग्णांची वायू वाहून नेण्याची क्षमता कमी होती. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी ११ टक्क्यांपर्यंत लोकांच्या फुफ्फुसात बदल उरलेले असू शकतात, असा अंदाज ब्रिटनमधील मोठ्या पाहणीने २०२३ मध्ये मांडला.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०७ जणांची तपासणी केली. त्यात सुमारे ४४ टक्के रुग्णांची वायू वाहून नेण्याची क्षमता घटलेली आढळली आणि सुमारे ३५ टक्के रुग्णांची फुफ्फुसे पूर्ण फुगत नव्हती. २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा ‘निम्म्या भारतीयांची फुफ्फुसे खराब’ अशा स्वरूपाचे संदेश समाजमाध्यमांवर फिरले. मात्र ही एका मोठ्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांची आकडेवारी आहे, सगळ्या बाधितांची नव्हे. घरीच बरे झालेल्या बहुसंख्य लोकांना ती लावता येत नाही.

धोका कोणाला अधिक असतो?

व्हेंटिलेटर किंवा दीर्घकाळ ऑक्सिजन लागलेले, वयस्कर, धूम्रपान करणारे आणि ज्यांना आधीपासून फुफ्फुसाचा आजार होता असे रुग्ण यात येतात. व्हेंटिलेटर जीव वाचवतो, पण आजारी फुफ्फुसावर दाबाने हवा सोडल्याने त्यालाही काही इजा होऊ शकते. म्हणूनच कमी मापाचे श्वास देण्याची पद्धत अतिदक्षता विभागात पाळली जाते.

आधी तपासणी की आधी गोळी?

तपासणीच. गंभीर न्यूमोनियानंतर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांची भेट, १२ आठवड्यांनी छातीचा एक्स-रे आणि त्यात डाग किंवा रुग्णाला धाप शिल्लक असेल तर पुढच्या तपासण्या, असा क्रम ब्रिटनच्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मे २०२० मध्येच सुचवला होता. ज्यांची ही फेरी तेव्हा चुकली, त्यांना ती आजही करता येते.

पहिली तपासणी स्टेथोस्कोपची. पाठीच्या खालच्या भागात श्वास घेताना, चपलेची वेल्क्रो पट्टी उचकटल्यासारखा चर्रर्र आवाज आला तर व्रणाची शंका घेतली जाते. दुसरी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकण्याची तपासणी. एका दमात किती हवा बाहेर टाकता येते ते तीत कळते. तिसरी डीएलसीओ. यात फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजतात. व्रण ओळखण्यात ही तपासणी जास्त संवेदनशील आहे, पण तिचे यंत्र प्रत्येक रुग्णालयात नसते. त्यामुळे जाण्याआधी फोन करून विचारलेले बरे. चौथी सहा मिनिटे चालण्याची चाचणी. दुसऱ्या लाटेत ती अनेकांनी घरी केली आहे.

सीटी स्कॅन यानंतर. तोही दर दोन महिन्यांनी नव्हे. डॉक्टरांना पाहायचे असते ते जुन्या आणि नव्या फिल्ममधला फरक. म्हणून २०२१ ची ती फाइल टाकून देऊ नये. आज तिची खरी किंमत आहे. व्रण तेवढाच आहे, कमी झाला आहे की वाढतो आहे, हे ठरवण्यासाठी त्याच फिल्मशी तुलना करावी लागते.

धाप लागते म्हणजे व्रणच असतो का?

तसे नाही. महिनाभर अंथरुणावर पडलेल्या माणसाचे स्नायू गळतात. वजन वाढते. रक्तात हिमोग्लोबिन कमी असते. हृदयाचा पंप कमजोर झालेला असू शकतो. कोरोनात फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन तिचा परिणाम मागे राहिलेला असू शकतो. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. डाग दिसला म्हणून फायब्रोसिसची गोळी सुरू केली आणि कारण हृदयात निघाले, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

आणखी एक घोळ क्षयरोगाचा. पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या फुफ्फुसात, बहुतेक वेळा वरच्या भागात, जुने व्रण असतात. ते कोरोनाच्या खात्यावर जमा होतात. उलट कोरोनाच्या डागांना क्षय समजून औषधे सुरू होण्याचाही धोका असतो. थुंकीची तपासणी न करता यातले काहीच गृहीत धरू नये.

स्टेरॉइडचा उपयोग किती?

याची दोन टप्प्यांत विभागणी करावी लागेल. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला ऐन आजारात डेक्सामेथासोन दिल्याने जीव वाचतो, हे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले. सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. इथे वाद नाही.

दुसरा टप्पा बरे झाल्यानंतरचा. लंडनच्या गाय्ज अँड सेंट थॉमस रुग्णालयांनी घरी सोडलेल्या ८३७ रुग्णांची चार आठवड्यांनी विचारपूस केली. ज्यांचा त्रास कायम होता त्यांची पुढे तपासणी झाली. अखेर ३५ जणांमध्ये फुफ्फुसाच्या ऊतीचा आजार शिल्लक असल्याचे निदान झाले. त्यांपैकी बहुतेकांना तो निवळू शकणारा ऑर्गनायझिंग न्यूमोनिया होता. तीस जणांना प्रेडनिसोलोन देण्यात आले आणि त्यांच्या फुफ्फुसाची क्षमता ठळकपणे सुधारली. मात्र या अभ्यासात औषध न दिलेला तुलनेचा गट नव्हता. त्यामुळे काही सुधारणा केवळ काळाने झाली असण्याची शक्यता उरते.

जास्त डोस दिला तर जास्त फायदा होतो का, हे भारतातच तपासले गेले. चंडीगडच्या पीजीआयमध्ये कोरोनानंतर धाप आणि सीटीत बदल असलेल्या १३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला रोज ४० मिलिग्रॅमपासून, दुसऱ्याला रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सहा आठवडे दिले. सीटी पूर्ण निवळण्याचे प्रमाण पहिल्या गटात २४.६ टक्के, तर दुसऱ्यात १८.५ टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. थोडक्यात, मोठ्या डोसने जास्त साधले नाही.

स्टेरॉइडची दुसरी बाजू महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. साखर वाढली, २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, कोरोनात स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. म्हणून गाळ शिल्लक आहे तोवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक आठवड्यांपुरते स्टेरॉइड, हे योग्य. वर्षानुवर्षे जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणून घेणे घातक. आणि बराच काळ चालू असलेले स्टेरॉइड एका दिवसात बंद करणेही तितकेच घातक. ते टप्प्याटप्प्यानेच कमी करायचे असते.

‘अँटिफायब्रोटिक’ गोळ्या व्रण विरघळवतात का?

नाही. पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब ही यातली दोन प्रमुख औषधे. दोन्ही मुळात आयपीएफ या, कारण न कळणाऱ्या आणि सतत वाढत जाणाऱ्या फायब्रोसिससाठी आली. पिरफेनिडोन भारतात २०१० पासून मिळते. निन्टेडानिबची देशी कंपन्यांची स्वस्त रूपे २०२० च्या अखेरीपासून येऊ लागली. नेमक्या त्याच काळात कोरोनाच्या लाटा आल्या आणि ही औषधे अनेकांच्या चिठ्ठीवर आली.

ही औषधे नवा व्रण तयार होण्याचा वेग कमी करतात. जुना व्रण पुसत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इनबिल्ड’ चाचणीत विविध कारणांनी वाढत जाणारा फायब्रोसिस असलेले ६६३ रुग्ण होते. वर्षभरात निन्टेडानिब घेणाऱ्यांची फुफ्फुसाची क्षमता सरासरी ८०.८ मिलिलिटरने घटली, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची १८७.८ मिलिलिटरने. म्हणजे औषध घेऊनही घट झालीच, पण निम्म्याहून कमी वेगाने. वाढत जाणाऱ्या आजारात हा फार मोठा फायदा आहे.

पण कोरोनानंतरचे बहुतेक व्रण वाढत जाणारे नसतात. ते कमी होतात किंवा जागच्या जागी राहतात. जे मुळात वाढतच नाही, त्याचा वेग कमी करून काय मिळणार? कोरोनानंतर सरसकट सर्वांना या गोळ्या देऊन फायदा होतो, असा भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. वेळेनुसार झालेल्या सुधारणेचे श्रेय मात्र अनेकदा गोळीला मिळाले.

दुष्परिणामही लक्षात घ्यायला हवेत. पिरफेनिडोनने मळमळते, भूक मरते आणि उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्याला ही बाब किरकोळ नाही. निन्टेडानिबने जुलाब होतात. दोन्हींमध्ये यकृताच्या रक्ततपासण्या ठरावीक काळाने कराव्याच लागतात. शिवाय सरकारी आरोग्य योजनांचा भर प्रामुख्याने भरती रुग्णांवर असल्याने महिन्याच्या महिन्याला घ्यायच्या या गोळ्यांचा खर्च बहुतेकदा खिशातूनच होतो.

मग ही औषधे कोणासाठी? काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांत फुफ्फुसाची क्षमता घटत असेल, सीटीवर व्रण पसरत असेल आणि धाप वाढत असेल, तर अशा रुग्णाने उशीर करू नये. त्याला ही औषधे लवकर मिळायला हवीत. असा रुग्ण आणि गेली तीन वर्षे स्थिर असलेला रुग्ण यांच्या फाइलवर शब्द एकच असतो, उपचार मात्र वेगळे.

सर्वात दुर्लक्षित उपचार कोणता?

पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे देखरेखीखाली चालवलेला श्वसन आणि स्नायूंचा व्यायामक्रम. आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान सहा ते आठ आठवडे. यात चालणे, पायांच्या स्नायूंची ताकद वाढवणे, श्वासाची लय सुधारणे आणि धाप लागल्यावर घाबरून न जाता काय करायचे, हे शिकवले जाते. याने व्रण जात नाही. पण उरलेल्या चांगल्या फुफ्फुसाकडून आणि स्नायूंकडून पूर्ण काम करून घेता येते. त्यामुळे चालण्याचे अंतर वाढते.

कोल्हापूरकरांना तालमीची परंपरा आहे. मात्र हा तालमीतला व्यायाम नव्हे. जोर-बैठका मारून दम वाढवण्याच्या नादात ऑक्सिजन खाली जाऊ शकतो. सुरुवात रंकाळ्याच्या सपाट काठावरून करावी, जोतिबाच्या पायऱ्यांवरून नव्हे. बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. बोटाला ऑक्सिमीटर लावून सुरुवातीची आणि सहा मिनिटांनंतरची पातळी लिहून ठेवावी. ती चार अंकांनी किंवा त्याहून अधिक घसरली, अथवा ९० च्या खाली गेली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो.

प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर उचलण्याचे खेळणे, म्हणजे स्पायरोमीटर, घरोघरी आले. खोल श्वासाची सवय लावण्यापुरता त्याचा उपयोग आहे. पण त्याने चालण्याची जागा घेतली, तर तोटाच होतो.

कोल्हापूरच्या फुफ्फुसातला व्रण कोरोनाचाच कशावरून?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कोरोनाच्या काळात पहिल्यांदाच अनेकांचे सीटी स्कॅन झाले. आधीपासून असलेला, पण कधीच न दिसलेला आजारही त्यात दिसला.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये वाळूचे साचे होतात. त्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो सीटीवर व्रण म्हणूनच दिसतो. साखर कारखान्यांच्या आवारात उसाच्या चोथ्याचे डोंगर असतात. हा बगॅस ओला राहून बुरसटला की त्यातील सूक्ष्म जीवांची धूळ श्वासावाटे गेल्याने होणाऱ्या आजाराचे नावच मुळी ‘बगॅसोसिस’ आहे. गुऱ्हाळाचा आणि चुलीचा धूर आधीच थकलेल्या फुफ्फुसावर भार टाकतो. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ हे आणखी एक कारण. देशातील २७ केंद्रांमधील १,०८४ नव्या रुग्णांची नोंद करणाऱ्या आयएलडी-इंडिया नोंदवहीत, अशा धुळीच्या ॲलर्जीतून होणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे प्रमाण ४७.३ टक्के, म्हणजे सर्वाधिक होते. ही आकडेवारी २०१७ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधी प्रसिद्ध झाली. संधिवातासारख्या आजारांतही फुफ्फुसात व्रण होतात.

याचा उपचारावर थेट परिणाम होतो. कारण धूळ असेल तर पहिला उपचार म्हणजे त्या धुळीपासून दूर होणे. ते केले नाही तर कोणतीही गोळी पुरी पडणार नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, घराच्या सज्जात कबुतरे आहेत का, सांधे सकाळी आखडतात का, हे सांगावे.

औषधांचे काम संपते तेव्हा काय?

विश्रांतीतही ऑक्सिजनची पातळी सातत्याने ८८ किंवा त्याखाली असेल, तर घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरण्याचा सल्ला दिला जातो. तो लावण्यात कमीपणा नाही. हृदयावरचा ताण त्याने कमी होतो.

अखेरचा पर्याय फुफ्फुस प्रत्यारोपणाचा. जून २०२० मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न मेमोरियल रुग्णालयात कोरोनाने फुफ्फुसे निकामी झालेल्या तरुणीवर भारतीय वंशाचे शल्यविशारद डॉ. अंकित भारत यांच्या पथकाने दुहेरी प्रत्यारोपण केले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईच्या एमजीएम हेल्थकेअरमध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली. मात्र अवयव मिळण्याची प्रतीक्षा, प्रचंड खर्च आणि आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, असे त्याचे स्वरूप आहे. जगभरचा अनुभव पाहता प्रत्यारोपण झालेल्यांपैकी साधारण निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांहून अधिक जगतात. हा पर्याय अगदी थोड्यांसाठी आहे, पण ज्यांचा आजार वाढतो आहे त्यांची नोंद वेळेत होणे महत्त्वाचे. पूर्ण खचल्यावर रुग्ण शस्त्रक्रिया सोसू शकत नाही.

आज नेमके काय करावे?

- त्रास काहीच नसेल, चढ-उतार नेहमीसारखा जमत असेल : जुन्या स्कोअरची भीती सोडावी. पुन्हा सीटी काढण्याची गरज नसते.
- धाप आहे, पण वाढलेली नाही : छातीविकारतज्ज्ञांकडून एकदा स्पायरोमेट्री, शक्य असल्यास डीएलसीओ आणि चालण्याची चाचणी करून घ्यावी. सोबत हिमोग्लोबिन आणि हृदयाचीही तपासणी. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातील उररोग विभागात जाताना जुनी फाइल न्यावी.
- धाप महिन्यामहिन्याला वाढते आहे, कोरडा खोकला थांबत नाही, बोटांची टोके फुगीर होत आहेत किंवा वजन घटते आहे : वाट पाहू नये. फुफ्फुसाच्या ऊतीच्या आजारांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांना दाखवावे.
- गोळ्या किंवा स्टेरॉइड अजून चालू आहेत : स्वतःहून बंद करू नये. मात्र ‘हे कशासाठी आणि कधीपर्यंत?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.
- सगळ्यांसाठी : विडी-सिगारेट बंद, धुळीच्या कामात चांगला मास्क. व्रण असलेल्या फुफ्फुसाला नवा संसर्ग परवडत नाही. त्यामुळे फ्लू आणि न्यूमोकोकल लसीबाबत डॉक्टरांशी बोलावे.

विषाणू पुन्हा येतील. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला होता, आणि दरवर्षी पावसाळ्यात व हिवाळ्यात फ्लूने काही जण अतिदक्षता विभागात पोहोचतातच. पुढच्या वेळी घरी सोडताना हाती पडणाऱ्या कागदावर औषधांच्या यादीइतकीच ठळक आणखी एक ओळ हवी : बारा आठवड्यांनी तपासणीला या. २०२१ मध्ये अनेकांच्या बाबतीत राहून गेले ते हेच. ते आजही करता येते, आणि त्यासाठी आधी कपाटातली ती फाइल बाहेर काढावी लागेल.